मुंबई न पाहता मुंबईचा इन्स्पेक्टर

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझं काही चुकत असेल तर तुम्हाला लगेच कळेल. तुम्ही अकरा वर्षं एका मराठी दैनिकाच्या डेस्कवर, म्हणजे उपसंपादक आहात. बातमीदारी केलेली नाही, क्राइम बीट तर नाहीच. आता रहस्यकादंबरी लिहायची आहे आणि ती स्कॉटलंडमधल्या ग्लासगोत घडवायची आहे, कारण 'आपल्याकडचं सगळं वापरून झालंय'. ग्लासगोला कधी गेलेला नाहीत, गल्ल्या गूगलच्या नकाशावर बघताय. आणि मध्येच कुठंतरी वाचलंत की एच. आर. एफ. कीटिंग नावाचा एक ब्रिटिश लेखक, पूर्वाश्रमीचा पत्रकार, मुंबईत पाऊलही न ठेवता मुंबईच्या पोलीस इन्स्पेक्टरवर दहा वर्षं कादंबऱ्या लिहीत राहिला आणि मानाची बक्षिसं घेऊन गेला. तेव्हा पहिला प्रश्न असा, की त्याला चाललं तर मला का नाही? दुसरा, त्याच्यासारखी नोकरी सोडून पूर्ण वेळ लिहावं का? आणि जाता जाता तिसरा, कीटिंग वाचायचा तर कुठून सुरुवात करावी?

मी बावीस वर्षं डेस्कवर काढली, त्यातली चौदा रात्रपाळीची. चार रहस्यकादंबऱ्या छापून आल्या, दिवाळी अंकांतल्या कथा पंचवीसेक असतील. त्यामुळे पुढचं सगळं एका उपसंपादकाने दुसऱ्या उपसंपादकाला चहाच्या टपरीवर सांगावं तसं वाचा.

मला वाटतं, तुमची अडचण ग्लासगो नाहीच. 'मी आयुष्यात काही पाहिलेलंच नाही' ही भीती तुम्हाला खाते आहे. डेस्कवरच्या प्रत्येकाला हा गंड असतो. बातमीदार घटनास्थळी जातो, ठाणे अंमलदाराशी गप्पा मारतो, शवागाराबाहेर उभा राहतो. आपण ट्यूबलाइटखाली बसून त्याची कॉपी, म्हणजे त्याने पाठवलेला मजकूर, कापतो. मग मनात येतं की आपल्या गावाबद्दल लिहिलं तर कुणीतरी म्हणेल, 'तुला काय ठाऊक?' ग्लासगोबद्दल लिहिलं तर विचारणारं कुणी नाही. कीटिंग तुम्हाला हवाय तो परवानगी म्हणून. म्हणून त्याने नेमकं काय केलं ते नीट पाहू.

हेन्री रेमंड फिट्झवॉल्टर कीटिंग, जवळच्यांसाठी हॅरी, जन्म 1926, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या सेंट लेनर्ड्सचा. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात शिकला, पत्रकारितेत आला आणि लंडनमध्ये आधी डेली टेलिग्राफ, मग 1958 ते 60 टाइम्समध्ये उपसंपादक होता. म्हणजे तुमच्यामाझ्यासारखा डेस्कवालाच. मूळचा संकोची माणूस. आपल्याकडे सांगण्यासारखं काही नाही, म्हणून कादंबरी आपलं काम नव्हे, अशी त्याची समजूत होती. त्याची बायको शीला मिचेल अभिनेत्री होती. हा माणूस रहस्यकथा आवडीने वाचतो हे ती बघत होती. तीच म्हणाली की मग तसली एक लिही की. 1959 साली पहिली कादंबरी आली. त्यानंतर 1963पर्यंत दर वर्षी एक.

इथे थांबा, कारण इंटरनेटवर फिरणाऱ्या गोष्टीत हा भाग नसतो. मुंबईचा इन्स्पेक्टर गणेश घोटे अवतरला तो कीटिंगच्या सहाव्या पुस्तकात, 'द परफेक्ट मर्डर'मध्ये, 1964 साली. आधीच्या पाच पुस्तकांत त्याने गोष्ट कशी लपवायची, संशय कसा वाटून द्यायचा, शेवटचं प्रकरण कसं आवरायचं हे सगळं ओळखीच्या जमिनीवर घोटून घेतलं होतं. (आडनावावरचा विनोद समजा हवं तर.) न पाहिलेलं शहर त्याने त्यानंतर हाती घेतलं. तुम्ही दोन्ही एकाच पुस्तकात करायला निघाला आहात.

आणि त्याला परदेश का हवा होता? कारण धंद्याचं होतं. अमेरिकेतले प्रकाशक त्याची पुस्तकं 'फारच ब्रिटिश' म्हणून परत पाठवत. पण मुंबई निवडण्यामागे आणखी एक विचार होता. त्याला 'सगळं अगदी बिनचूक हवं' या हट्टावर लिहायचं होतं, आणि जिथं काहीच बिनचूक होत नाही असं ठिकाण म्हणून त्याच्या डोळ्यांपुढे हिंदुस्थान आला. हे वाचून आपल्या कपाळावर आठी पडते, माझ्याही पडली होती. पण लेखक म्हणून बघितलं तर त्याने आधी प्रश्न निवडला आणि मग त्या प्रश्नाला जागा शोधली. तुमच्या पत्रात ग्लासगो चार वेळा आहे. कादंबरी कशाबद्दल आहे ते एकदाही नाही.

आता खुद्द पुस्तक बघा. लाला वर्दे नावाच्या बड्या शेठजीच्या घरी त्याच्या पारशी चिटणीसावर हल्ला होतो. चिटणीसाचं नाव मिस्टर परफेक्ट, त्यामुळे लोक याला 'परफेक्ट मर्डर' म्हणू लागतात. पण परफेक्ट मेलेलाच नाही, बेशुद्ध पडलाय. खून झाला नाही तोवर गाजावाजा खुनाचा! त्याच वेळी घोटेच्या मागे दुसरं काम लागतं: एका मंत्र्याच्या टेबलावरून एक रुपया नाहीसा झालाय, त्याचाही तपास करायचा. एक रुपया. वरिष्ठांना दोन्ही कामं सारखीच तातडीची. सरकारी कचेरीत कधी काम पडलंय अशा कुठल्याही माणसाला विचारा, त्या रुपयाचा ताप किती खरा आहे ते. हे लिहायला क्रॉफर्ड मार्केटजवळचं पोलीस मुख्यालय बघावं लागत नाही. साहेबाच्या केबिनबाहेर ताटकळत उभं राहिलेलं असावं लागतं, आणि लंडनच्या डेस्कवर तो अनुभव भरपूर मिळत असणार.

याच पुस्तकात ॲक्सेल स्वेनसन नावाचा एक उंचनिंच स्वीडिश गृहस्थ आहे. युनेस्कोचा तज्ज्ञ, मुंबई पोलिसांची कामाची पद्धत बघायला आलेला. तो सतत घोटेच्या मागे असतो, 'हे असं का, ते तसं का' विचारत. मला कीटिंगची सगळ्यात मोठी हुशारी दिसते ती या माणसात. लेखकाला जे ठाऊक नाही ते त्याने झाकलं नाही. त्याचं एक पात्र करून पुस्तकात फिरायला सोडलं. वाचकाच्या मनातल्या शंका स्वेनसन विचारतो, आणि घोटेला उत्तरं देताना घाम फुटतो. घोटेही मुद्दाम तसाच घडवलेला आहे: बुजरा, वरिष्ठांपुढे दबणारा, बायकोपुढे हरणारा, पण आतून चिवट. त्यात आपलाच बराच अंश आहे हे कीटिंग मोकळेपणी कबूल करायचा. म्हणजे शहर उसनं होतं, माणूस घरचा होता.

माझा पहिला मुद्दा हाच. कीटिंगचं पुस्तक मुंबई न पाहता उभं राहिलं, कारण त्यातला आतला माणूस त्याने रोज आरशात पाहिलेला होता. तुमच्या ग्लासगोच्या डिटेक्टिव्हमध्ये तुमचं काय आहे? तो व्हिस्की पितो, घटस्फोटित आहे आणि पावसात कॉलर वर करून चालतो, एवढंच असेल तर तो मालिका पाहून आलेला आहे.

माझी एक फजिती सांगते. तिसऱ्या कादंबरीत एक प्रकरण मी चेन्नईला नेलं. चेन्नई पाहिलेली नव्हती. मरिना बीचची रुंदी, तिथलं दीपगृह, सुंडल विकणारी पोरं, सगळं वाचून भरलं. संध्याकाळी साक्षीदार वाळूवर बसलाय, समुद्राकडे तोंड करून. मावळता सूर्य थेट डोळ्यांत येतो आणि म्हणून त्याला पाण्याकडून चालत येणाऱ्या माणसाचा चेहरा दिसत नाही. रहस्य त्याच्यावर टांगलेलं. पुस्तक छापून आलं आणि आठवड्याभरात चेन्नईत स्थायिक झालेल्या एका मराठी आजोबांचा फोन: "बाई, आमच्याकडे सूर्य समुद्रातून उगवतो हो. मावळायला तो मागे गावात जातो." पूर्व किनारा! चौथीच्या भूगोलात होतं हे. मी वाचलं, संपादकाने वाचलं, मुद्रितशोधकाने दोनदा वाचलं, आणि कुणाच्याही लक्षात आलं नाही, कारण आम्ही सगळे अरबी समुद्राच्या बाजूचे. आमच्या अंगात सूर्य पश्चिमेलाच समुद्रात बुडतो.

यातून मला एक कळलं. न पाहिलेल्या जागेबद्दल जे ठाऊक नाही याची आपल्याला जाणीव असते, ते आपण शोधून काढतो. मी दीपगृह शोधलंच होतं. गोत्यात आणतं ते ठाऊक आहे असं गृहीत धरलेलं. नकाशा तुम्हाला गल्ली दाखवेल, गृहीतकं दाखवणार नाही.

ग्लासगोचंच घ्या. तुम्ही इंग्लंडच्या मालिका बघून 'कोरोनर'ची चौकशी लिहाल. स्कॉटलंडमध्ये कोरोनर नसतो. संशयास्पद मृत्यूचा तपास तिथं प्रोक्युरेटर फिस्कल नावाच्या सरकारी अभियोक्त्याच्या अखत्यारीत चालतो. ज्युरीत बारा माणसं लिहाल, तिथं फौजदारी खटल्यात पंधरा बसतात. 'दोषी' आणि 'निर्दोष' यांच्या जोडीला 'सिद्ध झाले नाही' असा तिसरा निकाल त्या कायद्यात शतकानुशतकं होता, आणि त्याच्यावर एक आख्खी कादंबरी उभी राहू शकते. पोलीस दलही 2013मध्ये संपूर्ण स्कॉटलंडचं एक झालं, त्याआधी ग्लासगोचा कारभार स्ट्रॅथक्लाइड पोलिसांकडे होता. आणि माझा तो सूर्य! जूनमध्ये तिथं रात्री दहाच्या सुमाराला मावळतो, डिसेंबरात पावणेचारलाच. 'संध्याकाळी सातचा अंधार' असं एक वाक्य चुकीच्या महिन्यात पडलं की संपलं.

अर्थात आपल्याकडचंही सोपं नाही. 1 जुलै 2024पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, खुनाचं कलम 302चं 103 झालं. आजच्या काळातल्या कथेत 'तीनशे दोन लागणार' असं फौजदार म्हणताना दाखवायचा तर तो जुन्या सवयीने म्हणतोय हे लेखकाला ठाऊक असलं पाहिजे. पण इथं चुकलात तर जवळच्या ठाण्यातल्या रायटरला, म्हणजे लिखापढी करणाऱ्या पोलिसाला, गाठून विचारता येतं. त्याला चहा पाजला की कलमंच काय, मुद्देमालाच्या लाखेचा रंगसुद्धा सांगतो.

आता तुमच्या गंडाबद्दल. डेस्कवर बसून काही पाहिलं नाही म्हणता? रात्रपाळीत एकदा एका तालुका वार्ताहराची कॉपी आली. विहिरीत पडून बासष्ट वर्षांच्या शेतकऱ्याचा मृत्यू, पोलिसांत अकस्मात मृत्यूची नोंद. डाक आवृत्ती सुटायला दहा मिनिटं, जागा सिंगल कॉलम, पाच ओळींची. मी शेवटचं वाक्य कापलं. ते होतं: 'मयताच्या चपला विहिरीच्या कठड्यापाशी जोडीने ठेवलेल्या आढळल्या.' पान गेलं. घरी जाताना रिक्षात ते वाक्य परत आलं. पाय घसरून पडलेला माणूस चपला काढून ठेवत नाही. उडी मारणारा कदाचित ठेवतो. किंवा दुसरं कुणीतरी ठेवतं, त्याने उडी मारली असं वाटावं म्हणून. माझी पहिली कादंबरी त्या कापलेल्या ओळीतून आली. मी भर घातली ती एवढीच, की चपला जोडीने होत्या, पण डावी उजवीकडे आणि उजवी डावीकडे. तो बातमीदार तिथं जाऊन आला होता. मी गेले नव्हते. पण त्या ओळीकडे परत परत बघत बसणं हे डेस्कचं काम, आणि रहस्यकथेला तेच लागतं.

डेस्कची एक सवय मात्र मोडावी लागते, आणि मला ती मोडायला दोन वर्षं लागली. बातमीत महत्त्वाचं आधी. इंट्रोत, म्हणजे पहिल्या परिच्छेदात, कोण, काय, कुठे, कधी. मग उतरत्या क्रमाने बाकीचं, म्हणजे जागा कमी पडली तर खालून कापता यावं. रहस्यकथेत नेमकं खालचं कापता येत नाही. माझ्या पहिल्या मसुद्यात प्रत्येक प्रकरणाच्या पहिल्या परिच्छेदात सगळं सांगून मोकळी झालेली असायचे आणि पुढची आठ पानं 'दरम्यान' होती. इलाज म्हणून मी एक युक्ती केली. प्रकरण आधी पाच ओळींची बातमी म्हणून लिहायचं, मग तिच्यातून जी ओळ मी रात्रपाळीला कापली असती ती शोधायची. धागा तिथं लपवायचा. वाचक तुमच्याच पेपरवर वाढलेत, तेही तीच ओळ गाळून वाचतात.

जाता जाता सांगते, बातमीदार जातीचा रहस्यलेखक कसा असतो ते बघायचं तर एडगर वॉलेस. बोअर युद्धात रॉयटर्सचा वार्ताहर, नंतर डेली मेलमध्ये. 1905 साली त्याने 'द फोर जस्ट मेन' स्वतः छापली आणि रहस्याचं बरोबर उत्तर देणाऱ्यांना पाचशे पौंडांची बक्षिसं जाहीर केली. विजेते किती याची मर्यादा घालायला विसरला. उत्तरं बरोबर आलेले ढिगाने निघाले, पुस्तक धडाक्यात खपूनही हा कर्जात बुडाला. बातमी फोडायची घाई अंगात मुरली की असं होतं. नियमांचा तो मजकूर आपल्यापैकी कुणाच्या टेबलावर आला असता तर पहिल्या वाचनात विचारलं असतं, 'बक्षिसं किती जणांना?'

परत कीटिंगकडे. दहा वर्षं तो लांबून लिहीत राहिला: पुस्तकं, इथली वर्तमानपत्रं, सिनेमे आणि इथून जाऊन आलेल्यांच्या गप्पा, एवढ्या शिदोरीवर. पण त्याने या लांब असण्याचं भांडवल केलं नाही, ती त्याला अडचणच वाटत होती, आणि ती त्याने वेगवेगळ्या तऱ्हांनी हाताळली. चौथ्या घोटेकथेत, 1968च्या 'इन्स्पेक्टर घोटे हंट्स द पीकॉक'मध्ये, त्याने डावच उलटवला: घोटेलाच लंडनला आणलं. आता परका घोटे, आणि ओळखीचं शहर कीटिंगचं. शेवटी असा लेखक आहे हे एअर इंडियाच्या कानावर गेलं, त्यांनी विमानप्रवास देऊ केला आणि 1974 साली तो पहिल्यांदा मुंबईत उतरला. तोवर घोटेची आठ-नऊ पुस्तकं झाली होती. बुलावा आल्यावर 'माझं न पाहताच छान चाललंय' असं म्हणाला नाही, आला. त्यानंतर पहिली आली ती मुंबईच्या सिनेमाच्या दुनियेवरची, 'फिल्मी, फिल्मी, इन्स्पेक्टर घोटे'.

मराठी वाचक म्हणून मला त्याच्यात खटकतं तेही सांगायला हवं, नाहीतर ही आरती होईल. घोटे आणि त्याच्या भोवतालचे लोक जे इंग्रजी बोलतात, ते 'आय ॲम नॉट नोइंग' छापाचं नसलं तरी त्याच वळणाचं, शेवटी 'ओन्ली' लावलेलं. प्रेमाने लिहिलंय, पण दीडशे पानांनंतर कानाला टोचतं. मुंबईतला मराठी इन्स्पेक्टर आपल्या हवालदाराशी मराठीत बोलेल, आणि मराठीत तो अडखळणार नाही, चांगला ठसक्यात बोलेल. इंग्रजीत लिहिताना हा ठसका गेला आणि बुजरेपणा दुप्पट झाला. घोटेची बायको प्रोतिमा बंगाली आहे, ते ठीक. पण हा माणूस देशावरचा की कोकणातला, घरी रविवारी काय शिजतं, आईशी कसा बोलतो, हे काही माझ्या डोळ्यांपुढे उभं राहत नाही. 1988च्या सिनेमात नसीरुद्दीन शाहने घोटे केला, तेव्हा चेहऱ्याला अंग आलं. कागदावर तो मला पुष्कळदा मुंबईच्या उन्हात उभा असलेला एक हळवा इंग्रज वाटतो.

तुमच्यापुढे हाच प्रश्न उलटा उभा राहणार आहे. ग्लासगोचा हवालदार मराठी बोलणार. कुठलं मराठी? पुणेरी? मग तो पेठेतला वाटेल. अनुवादाचं? 'माझ्या प्रिय मित्रा' म्हणू लागेल. यावर वाट एकच दिसते, आणि ती कीटिंगनेच दाखवलीय: तुमचा स्वेनसन शोधा. ग्लासगोत मास्टर्स करायला गेलेली सांगलीची मुलगी, तिथल्या हॉस्पिटलात नर्स असलेली वसईची बाई, कुणीही. जिला तिथलं अर्धं कळतं आणि अर्धं विचारावं लागतं. तिच्या डोळ्यांतून लिहिलंत तर तुमचं न पाहणं हे तिचं नवखेपण होईल, आणि मराठीही तिच्या डोक्यातली असेल. पण तिच्यासारख्या दोन-तीन जणींशी तासन्‌तास बोलायला हवं. 'बसस्टॉपवर वास कसला येतो' असले प्रश्न विचारायला लाजू नका. उन्हाळ्यात रात्री दहाच्या उजेडात झोप कशी लागते हे नकाशाला ठाऊक नसतं, तिला असतं.

तर इथवरचं एवढंच: न पाहिलेली जागा चालते, न ओळखलेला माणूस चालत नाही. आणि हे धाडस पहिल्या पुस्तकात करू नये असं माझं मत आहे. एखाद्याला पहिल्याच फटक्यात जमतंही, नाही असं नाही. तुमचा मसुदा मी वाचलेला नाही, त्यामुळे तुम्ही तो एखादा आहात की नाही हे मला सांगता येणार नाही.

आता नोकरी. हे तुमच्या परिस्थितीवर आहे: घरात दुसरा पगार आहे का, कर्जाचा हप्ता किती, मुलं कितवीत, आईवडिलांचं आजारपण. यातलं मला काही माहीत नाही, म्हणून 'सोडा' किंवा 'सोडू नका' असं सांगणार नाही. हिशेब मात्र दाखवते. माझ्या पहिल्या कादंबरीची आवृत्ती हजार प्रतींची, किंमत अडीचशे रुपये, मानधन दहा टक्के. सगळ्या प्रती खपल्या तर पंचवीस हजार. खपायला तीन वर्षं लागली आणि चेक दोन तुकड्यांत आला. लिहायला लागली होती अडीच वर्षं. दिवाळी अंकाच्या कथेचं मानधन तर घरी कुणाला सांगायची सोय नाही. आजकाल बरेच प्रकाशक हजारावरून पाचशेवर आलेत. ऑडिओबुकवाल्यांकडून थोडीफार भर पडते.

आणि कीटिंगने नोकरी सोडली ती कशी, तेही नीट बघा. 1960 साली टाइम्सच्या डेस्कवरून उठला, पण वर्तमानपत्र सोडलं नाही. 1967 ते 1983 तो त्याच टाइम्समध्ये रहस्यकथांची परीक्षणं लिहीत होता. सोळा वर्षं दुसऱ्यांच्या रहस्यकथा वाचून त्यांच्यावर मोजक्या शब्दांत लिहिणं! घर चालायला हातभार आणि वर फुकटची शिकवणी. पुढे त्याने रहस्यकथा कशी लिहावी यावर पुस्तक लिहिलं, शंभर उत्तम रहस्यकथांवर एक लिहिलं. घरात शीलाचीही कमाई होती. शिवाय तो इंग्रजीत लिहीत होता, लंडन आणि न्यूयॉर्क दोन्ही बाजारांत. आणि घोटेचं पहिलं पुस्तक एकटंच राहायचं होतं. त्याला ब्रिटनच्या रहस्यलेखक संघटनेचा गोल्ड डॅगर पुरस्कार मिळाला म्हणून मालिका झाली. दुसरा गोल्ड डॅगर 1980 साली, संपूर्ण कारकिर्दीसाठीचा डायमंड डॅगर 1996ला. म्हणजे नोकरी सोडल्यावर छत्तीस वर्षांनी.

त्या धंद्यात पत्रकार काही उपरा नव्हता, हेही लक्षात घ्या. कीटिंग 1985 ते 2000 ज्या डिटेक्शन क्लबचा, म्हणजे ब्रिटिश रहस्यलेखकांच्या मंडळाचा, अध्यक्ष होता, त्याचे पहिले दोन्ही अध्यक्ष, चेस्टरटन आणि बेंटली, पत्रकारच. त्यांच्याकडे वर्तमानपत्र आणि रहस्यकथा यांच्यामध्ये एक वहिवाटीची पायवाट होती. आपल्याकडे ती अशी पक्की नाही. मी स्वतः नोकरी सोडली नाही. रात्रपाळी मागून घेतली. पहाटे तीनला घरी, अकराला उठायचं, साडेबारा ते साडेतीन लिहायचं. रात्रपाळी कुणालाच नको असते, त्यामुळे मागितली की मिळते. तब्येतीवर परिणाम होतो, ॲसिडिटी मला तिथूनच लागली, ते लपवत नाही. पण हप्ता चुकला नाही आणि कापलेल्या ओळी रोज मिळत राहिल्या. तुम्हाला जमेल असं एक सुचवते: एक वर्ष नोकरीत राहून, तुमच्याच जिल्ह्यात घडणारी एक छोटी कादंबरी पुरी करा. चाळीस हजार शब्द पुष्कळ झाले. ती पुरी झाली तर ग्लासगोचं बोलू. पुरी झाली नाही तर नोकरी सोडली नव्हती हे बरं.

राहिला तिसरा प्रश्न. पहिल्या पुस्तकापासून सुरुवात करू नका, त्यातलं इंग्रजी सोसायला आधी घोटेचा लोभ लागलेला हवा. 1986ची 'अंडर अ मॉन्सून क्लाउड' घ्या. घोटेचं ज्याच्यावर दैवत मानण्याइतकं प्रेम आहे असा एक दणकट वरिष्ठ, 'टायगर' केळकर, पावसाळ्यातल्या एका रात्री संतापाच्या भरात हाताखालच्या अगदी ढिसाळ पोलिसाला पितळी दौत फेकून मारतो. तो मरतो. घोटे बघतो, आणि केळकरसारखा अधिकारी दलातून जाऊ नये म्हणून प्रकरण दडपायला मदत करतो. पुढे चौकशी लागते. खून कुणी केला हे वाचकाला सुरुवातीलाच ठाऊक. घोटे खरं बोलणार का, एवढंच रहस्य, आणि पुस्तक हातातून सुटत नाही. ते वाचताना केळकर माझ्या डोक्यात मराठीतच ओरडत होता, म्हणजे तोवर कीटिंगला आपली माणसं पुष्कळ कळली होती. त्यानंतर 'हंट्स द पीकॉक', लंडनकडे परक्याच्या नजरेने कसं बघायचं त्यासाठी. मग मागे जाऊन 'परफेक्ट मर्डर'. पेन्सिल घेऊन बसा आणि जिथं जिथं स्वेनसन काही विचारतो तिथं समासात खूण करत जा. फोर्टातल्या फुटपाथवर जुन्या प्रती अधूनमधून मिळतात. माझी तिथलीच आहे, पहिल्या पानावर कुणीतरी बॉलपेनने 'खुनी शेवटी कळतो' असं लिहून ठेवलेली.